हाक न आलेली

सोरवुड ओहोळाच्या खोऱ्यात ओसी कोम्ब्सविषयी कुणी वाकडा शब्द काढल्याचं कुणाला आठवत नाही. कुणाच्या घरी दुखणं असो, बाळंतपण असो, खाणीतून माणसाऐवजी त्याची टोपी परत आलेली असो, ओसी मागच्या दाराने आत शिरायची, चुलीवरचं भांडं ढवळायची, पोरांची नाकं पुसायची आणि कुणी आभार मानायच्या आत निघून जायची. जगाच्या दारी न बोलावता जाणारी ही बाई एका दारात मात्र बोलावणं आल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही म्हणून जन्मभर अडून बसली होती. ते दार देवाचं होतं.

खोऱ्यातल्या जुन्या बाप्तिस्त मंडळीत तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत. माणूस वाढतो, चुकतो, पस्तावतो, आणि मग एखाद्या दिवशी त्याच्या ध्यानीमनी नसताना देव त्याला हाक मारतो. हाक आली की मंडळीसमोर उभं राहून ती सांगायची. सभासदांपैकी एकाचंही मन अडलं नाही, तर त्याला बाप्तिस्म्यासाठी ओहोळावर नेतात. तोवर त्याने दर रविवारी यावं, गावं, रडावं, जेवण रांधावं. पण भाकर आणि द्राक्षारस त्याच्यापुढे येत नाही, आणि त्याच्या नावामागे ब्रदर किंवा सिस्टर लागत नाही. वर्षातून एकदा, उन्हाळ्यात, सभासद एकमेकांचे पाय धुतात. पुरुष पुरुषांचे, बायका बायकांचे. त्या दिवशी बाकीच्यांनी मागच्या बाकांवर बसून पाहायचं.

ओसी बसून पाहत आली होती. तिची धाकटी बहीण डोवी कधीच पुढे गेली होती. सिस्टर डोवी झाली होती. डोवी कुणा दुसरीच्या पायांशी वाकायची, मग उठून तिच्या गळ्यात पडायची, दोघी हमसून हमसून रडायच्या, आणि ओसी मांडीवर हात ठेवून त्या दोघींकडे बघत राहायची. भुकेल्या माणसाने दुसऱ्याच्या ताटाकडे बघू नये म्हणतात. तरी ती बघायचीच.

दुसऱ्यांच्या हाका तिला तोंडपाठ होत्या. तिच्या नवऱ्याला, होबर्टला, हाक आली ती ट्रकखाली. चाक काढून तो खाली पालथा पडला होता, जॅक कलला आणि थांबला. त्या थांबण्यात त्याला काय ऐकू आलं ते सांगताना एरवी बारा गावचं पाणी प्यालेला होबर्ट चाचरायचा, आणि मग स्वतःला सावरायला म्हणायचा, "उभा असतो तर पळालो असतो ना. मला कुठे गाठायचं ते देवाला बरोबर ठाऊक." आर्विल पॅकला खाणीत हाक आली. छत कोसळून तो काळोखात अडकला होता आणि कुणीतरी त्याला नावाने पुकारलं. आर्विल ही गोष्ट हसत सांगायचा नाही. त्या दिवशी त्याची दोन बोटं गेली, आणि त्यानंतर गंमत म्हणून बोललेला शब्दसुद्धा त्याच्या तोंडून कुणी ऐकला नाही.

ओसीला काहीच ऐकू आलं नाही. तिने कान लावला नव्हता असं नाही. मक्याच्या ओळींत खुरपताना, धुणं वाळत घालताना, गाईची धार काढताना ती मध्येच थांबायची. एकदा कोठाराजवळच्या अक्रोडावर वीज पडली तेव्हा ती ओल्या अंगणात काळीज मुठीत धरून उभी राहिली, म्हटलं, आता. पण अक्रोड दुभंगला, एक कोंबडी मेली आणि पाऊस थांबला. बाकी काही झालं नाही.

"नुसती जाऊन उभी राहा," होबर्ट म्हणायचा. "म्हण, थोडा उजेड दिसला. मंडळी काय मीटर लावून बघणार आहे?"

"आणि पाण्यात उतरू? कोरडी पापी आत जाईन, ओली पापी बाहेर येईन. दुसरं काय होणार?"

"निदान धुतलेली तरी असशील," होबर्ट म्हणायचा, आणि ती हातातला फडका त्याच्या पाठीत मारायची.

पापाचं हे भय तिला आईकडून मिळालं होतं, जसं दुसऱ्या मुलींना आईकडून रजया मिळतात. महेला, तिची आई, कडक बाई. माणूस पापातच पोटी राहतो आणि पापातच जन्मतो, हे ती शेंगा निवडताना, केस विंचरताना, चापट मारताना सांगायची. म्हणायची, "सापाच्या पिल्लाला डसायला शिकवावं लागत नाही." लहानगी ओसी आपले हात उलटेसुलटे करून बघायची. विष नेमकं कुठे असतं ते तिला शोधायचं होतं.

मग तिला स्वतःचं मूल झालं. लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात, ओहोळ गोठलेला असताना, दिवस भरायच्या आधीच. होबर्ट डोंगरापलीकडच्या खाणीवर होता आणि रस्ते बर्फाने बंद होते. ओसीला ताप चढला. ती तापात असतानाच मुलगी आली आणि ती तापात असतानाच गेली. लुरा असं नाव ठेवलं, कारण पुरायचं तर नाव हवं. पंधरा वर्षांची डोवी त्या पोरीला शालीत गुंडाळून चुलीपाशी बसून होती. ओसीने मुलीला पाहिलं होतं, नक्की पाहिलं होतं. पण तापातलं पाहणं ते, पाण्याखालच्या खड्यासारखं. बोट लावायला जावं तर हलायचं. आणि वर्षांमागून वर्षं गेली तशी त्या जागी चेहरा उरला नाही, नुसती जागा उरली. दुसरं मूल तिला झालं नाही.

वसंतात डोंगरावरच्या त्या लहानशा थडग्यापाशी तेव्हाचे पाळक बोलले. म्हणाले, हे लेकरूही आदामाचंच, पापातच गर्भी राहिलेलं. पण देवाच्या कृपेने झाकलेलं. ज्याला अजून बरंवाईट कळत नाही त्याला तो आपल्याजवळ घेतो. ते आपल्या सगळ्यांपेक्षा सुरक्षित आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. ओसीने ते दोन्ही तुकडे घरी नेले आणि आयुष्यभर जोडत बसली. लुरा तिथे आहे, हे पक्कं. मी तिथे जाईन, हे पक्कं नाही. मीसुद्धा पाळण्यातच गेले असते तर सुरक्षित होते. मग ते दार मिटलं कधी? आईची साखर चोरली त्या दिवशी? डोवीला ओहोळात ढकललं त्या दिवशी? की कुठल्या तरी साध्या सकाळी, मी केस विंचरत असताना, मला न सांगता?

हाक आली असती तर सगळंच सुटलं असतं. ज्याला हाक येते तो देवाचा, आणि जो देवाचा तो लुराच्या गावचा. हाक येत नव्हती, आणि ओसीच्या छातीतली ओढ मात्र जुन्या दुखण्यासारखी जुनी होत चालली होती. तिने त्या ओढीचा अर्थ लावून ठेवला होता. ज्यांना आत घेतलंय त्यांना अशी ओढ कशाला लागेल? जेवलेल्याला भूक असते का? ओढ आहे, त्याअर्थी मी बाहेरची.

दोघी बहिणींचे केस पिकल्यावर एका वर्षी जूनमध्ये डोवीच्या हृदयाने दगा दिला. शहरातल्या इस्पितळातून ती परत आली ती ओठांवर निळसर छटा आणि तोंडात तीच पूर्वीची कात्री घेऊन. डॉक्टरांनी होबर्टला बाजूला घेऊन काय सांगितलं ते होबर्टने ओसीला सांगितलं नाही, आणि तिने विचारलं नाही. दोघी बहिणी डोवीच्या ओसरीवर बसून शेंगांच्या शिरा काढत होत्या. हिवाळ्यासाठी शेंगा दोऱ्यात ओवून वाळवायच्या होत्या.

"यंदा माझे पाय तू धुणार," डोवी म्हणाली.

"रोजच धुते की. काल कुणी धुतले, पोस्टमनने?"

"तसे नाही. तिथे. सगळ्यांसमोर. आणि मग मी तुझे धुणार. वाकता आलं तर."

"डोवी, मला हाक आलेली नाही."

"तुला नाही आली की तुला ऐकायची नाही? तू होबर्टच्या घोरण्यात झोपतेस, बये. देवाने ओरडून ओरडून घसा बसवून घेतला असेल."

ओसी हसली नाही. तिने शेंग मोडली. "खोटं बोलून तुझ्यासमोर बसू?"

डोवीने टोपलीतून पुढची शेंग उचलली. मग म्हणाली, "पुढच्या वर्षी मी नसेन, ओसी." एवढंच म्हणाली, आणि हातातली शेंग किडकी निघाली म्हणून तिला शिव्या घातल्या.

पाय धुण्याच्या आदल्या आठवड्यात ओसी डोंगरावर गेली. थडग्यावर नावाचा दगड नव्हता, ओहोळातून आणलेला एक चपटा धोंडा होता. ती शेजारी बसली. काही मागायचं नाही असं ठरवून आली होती, आणि मागितलं. मोठं नको, म्हणाली. वीज नको, उजेड नको. एवढंसं काही दे. पान हलव. पानं हलत होतीच, वारा होता. खाली कुणीतरी गवत कापायचं यंत्र चालू केलं आणि बंद केलं. गुडघ्याला मुंग्या आल्या तशी ती उठली, धोंड्यावरचं शेवाळ नखाने खरवडलं आणि खाली येऊन होबर्टसाठी मक्याचा पाव भाजला.

रविवारच्या पाय धुण्याआधी शनिवारी सभासदांची महिन्याची सभा असते, बाकीचे मागे बसून ऐकतात. लाकडी फळ्यांचं ते प्रार्थनाघर, उघड्या खिडक्या, पुठ्ठ्याचे पंखे. पाळक ब्रदर बर्ल पुढे उभे राहिले. आयुष्यभर खाणीत कोळसा उपसलेला माणूस, छाती भात्यासारखी वाजायची, पण गाण्याची ओळ आधी एकट्याने म्हणून दाखवायचे तेव्हा त्या छातीतून आवाज कुठून यायचा कळत नसे. ते एक ओळ म्हणत, मग सगळी मंडळी तीच ओळ सावकाश, डोंगर चढावा आणि उतरावा तशी ओढून म्हणे. शेवटच्या गाण्याला ते म्हणाले, "दार उघडं आहे. कुणाला यायचं असेल तर यावं."

दर महिन्याला ते हेच म्हणत. डोवी पुढे उशीला टेकून बसली होती. गाताना तिला श्वास पुरेना. ती एक शब्द म्हणायची, दोन सोडायची. ओसी त्या सुटलेल्या शब्दांकडे कान देऊन होती. मग तिला दिसलं की लोक आपल्याकडे बघतायत, आणि तेव्हा तिला कळलं की आपण उभ्या राहिलो आहोत.

गाणं थांबलं. होबर्टचा पंखा हातातच राहिला.

"सांग, ओसी," ब्रदर बर्ल हळू म्हणाले.

तिने तोंड उघडलं. थोडासा उजेड, होबर्ट म्हणाला होता. तो शब्द जिभेवर आलाही होता.

"माझ्याकडे सांगायला काही नाही," ती म्हणाली. "मला उजेड दिसला नाही. कुणी नावाने पुकारलं नाही. मी खूप वाट पाहिली. मला फक्त ओढ आहे. आठवतंय तेव्हापासून आहे. मुलगी गेली तेव्हापासून जास्त आहे. भांडी घासताना असते, सकाळी डोळे उघडते तेव्हा माझ्या आधी उठून बसलेली असते. याला काय म्हणतात ते मला माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर सांगा. त्यासाठी उठले."

कुणीतरी नाक ओढलं. ब्रदर बर्ल यांनी गाण्याचं पुस्तक मिटलं.

"या डोंगरावरची निम्मी थडगी मी खणलीत," ते म्हणाले. "आत ठेवलेल्यांपैकी एकानेही मला कधी पाणी मागितलं नाही. तहान लागते ती जिवंताला. मला तर वाटतं ही बाई केव्हाचीच जिवंत आहे, तिला कुणी सांगितलं नव्हतं एवढंच. मंडळीचं काय म्हणणं?"

"माझं हो," डोवीचा आवाज सगळ्यांच्या आधी आला. मग इकडून हो, तिकडून हो. होबर्टचा हो अर्धाच निघाला, पण धरला गेला.

"ब्रदर बर्ल." आर्विल पॅक उभा राहिला होता. "माझं मन मोकळं नाही."

एकाचंही मन अडलं की सगळ्यांनी थांबायचं, हा नेम.

"तहान दारुड्यालाही लागते," आर्विल म्हणाला. "माझ्या बापाला लागायची, घरातली सतरंजी विकून भागवायचा. आपल्याला काही हवंय म्हणजे देवाला आपण हवे आहोत, असं होत नाही. ओसीबद्दल माझी एवढीशीही तक्रार नाही. माझी आई गेली तेव्हा तिला शेवटची आंघोळ हिनेच घातली. पण हाक म्हणजे हाक. ती वरून येते. माणसाच्या आतून जे येतं त्यावर मी भरवसा ठेवू शकत नाही. आतून काय येतं ते मी बघितलंय."

"आर्विल, तू—" डोवीला खोकला आला.

"राहू दे, डोवी," ओसी म्हणाली. "तो खरं तेच बोलतोय. त्याला आग्रह करू नका, ब्रदर बर्ल." आणि ती खाली बसली.

नंतर झाडाखालच्या लांब टेबलांवर जेवण मांडलं. ओसीने नेहमीसारखं वाढायला घेतलं. तळलेली कोंबडी, घेवडा, सुक्या सफरचंदांचा थरांचा केक. आर्विलच्या ताटात तिने इतरांइतकाच घेवडा घातला. त्याने मान वर केली नाही. तो नीट जेवलाही नाही.

संध्याकाळी डोवीच्या ओसरीवर डोवीने तिला फाडून खाल्लं.

"राहू दे म्हणे! तो खरं बोलतोय म्हणे! त्याने तुला दारावरून हाकललं आणि तू त्याला घेवडा वाढतेस. तुझ्या तोंडाला काय लकवा मारला होता?"

"आई असती तर तेच म्हणाली असती."

"आई!" डोवीने डोळे फिरवले. "आईने आयुष्यभर बायबल तिसऱ्या पानापासून वाचलं. पाप तिसऱ्या पानावर येतं, ओसी. पहिल्या पानावर काय लिहिलंय? त्याने माणूस आपल्या प्रतिरूपाचा केला. आधी ते. पहिली दोन पानं काय शेळीने खाल्ली होती?"

"ते आदामाचं. नंतर सगळं नासलं."

"नासलं तर दूधच नासतं. दगड नासलेला बघितलायस कधी?"

ओसी पायरीवर बसली होती. काजवे गवतातून उठायला लागले होते. ती म्हणाली, "मला बाप्तिस्म्याचा सोस नाही, डोवी. मला फक्त ती जिथे आहे तिथे जायचंय." आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, तिने ते नाव बहिणीसमोर उच्चारलं. "लुरा. आणि गेलेच, तरी मी तिला ओळखणार कशी? मला तिचा चेहरा आठवत नाही. आई असून आठवत नाही. त्याहून मोठं पाप काय असतं?"

त्या डोंगरांत मूल जन्मलं की माणसं आधी एकच विचारतात, कुणावर गेलंय? शेजारीपाजारी टोपडं वर करून भांडतात, नाक कुणाचं, कान कुणाचे. लुराबद्दल ते कुणी विचारलं नव्हतं. महेलाने सांगून ठेवलं होतं की त्या विषयाला हात लावायचा नाही, खपली निघेल. महेला जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि दोघींनी हात लावला नव्हता.

"कुणावर गेली होती?" ओसीने विचारलं.

"कपाळ होबर्टचं," डोवी म्हणाली. "बिचारीचं नशीब. हनुवटी आईची. एवढीशी, पण बोट लावलं तर भांडेल अशी." ती श्वास घ्यायला थांबली. "बाकी सगळी तू."

ओसी वळून बसली.

"तिच्यात चोखायचं बळ नव्हतं. दाई म्हणाली, नुसती उबेत धर. मी धरून बसले. तिचे डोळे मिटलेले असायचे, पण तोंड फिरत असायचं. या बाजूला, त्या बाजूला. माझ्या मनगटाला लावायची, शालीच्या काठाला लावायची, माझ्या सदऱ्याच्या बटणाला लावायची. शोधायची. माझ्याकडे काय होतं तेव्हा? पंधरा वर्षांची पोर मी. मी करंगळी दिली, तर तेवढ्यापुरती थांबली, आणि पुन्हा शोधायला लागली. शेवटपर्यंत शोधत होती, ओसी. मला वाटायचं, मी वाईट आहे म्हणून तिला माझ्याजवळ सापडत नाहीये."

ओसीने डोवीची करंगळी आपल्या हातात धरली.

"आज तू तिथे उभी राहिलीस ना," डोवी म्हणाली, "तेव्हा मला तीच दिसली. ते तोंड फिरवणं. आई म्हणायची, पाप शिकवावं लागत नाही. मग हे तिला कोणी शिकवलं होतं? ते घेऊनच आली होती ती. आणि देवाने तिला घेतलं, हे तर आईसुद्धा मानायची."

ओसीने चेहरा बहिणीच्या मांडीवर ठेवला. डोवीने तिच्या विरळ झालेल्या अंबाड्यावर हात ठेवला. शेजारच्या घरात कुणीतरी रेडिओ लावला, आणि दोघींना तो बंद व्हावासा वाटला नाही.

रविवारी प्रार्थनाघर भरून वाहत होतं. पाय धुण्याच्या दिवशी लांबलांबच्या खोऱ्यांतून माणसं येतात. भाकर मोडायच्या आधी ब्रदर बर्ल यांनी नेमाप्रमाणे विचारलं, "सभासदांत कुणाच्या मनात कुणाविषयी काही अडलंय का? असेल तर आत्ता सांगा."

आर्विल उभा राहिला. टोपी त्याने उरलेल्या बोटांत घट्ट धरली होती.

"काल मी म्हणालो, हाक म्हणजे हाक," तो म्हणाला. "घरी गेलो. जेवण गेलं नाही. खाणीत मला नाव ऐकू आलं होतं, ते तुम्ही सगळ्यांनी माझ्याकडून ऐकलंय. ते मी खोटं सांगितलं नव्हतं. नाव ऐकू आलं होतं. पण तिथे छताला लावलेले लाकडी टेकूही मोडत होते, आणि मला शोधणारी माणसंही पलीकडून ओरडत असतील. त्या अंधारात कोण होतं, हे आज मला शपथेवर सांगता यायचं नाही. देवच होता असं मी धरून चाललोय. तेव्हापासून रोज कान लावतो. पुन्हा एकदा यावी. एकदाच. म्हणजे खात्री होईल. आली नाही."

त्याने टोपी दुसऱ्या हातात घेतली. पंखे थांबले होते.

"म्हणजे माझ्याकडेही ओढच आहे. दुसरं काही नाही. तिची ओढ मोजायची नसेल, तर मलाही आज मागच्या बाकावर जाऊन बसावं लागेल. मी काल ते का बोललो, तेही मला आता कळतंय. मी तिच्यावर नाही, माझ्यावरच दार लावत होतो." त्याने ओसीकडे पाहिलं. "सिस्टर ओसीविषयी माझं मन मोकळं आहे."

सिस्टर. ओसीने हा शब्द डोवीच्या नावामागे इतकी वर्षं ऐकला होता की तो आपल्यालाही बसतो हे कळायला तिला एक क्षण लागला. ब्रदर बर्ल कोटाची बटणं काढायला लागले. "मग कशाला थांबायचं? पाणी काय पुढच्या महिन्यात जास्त ओलं होणार आहे?"

सगळी मंडळी गात गात उतारावरून ओहोळाशी गेली. होबर्ट आणि आर्विल यांनी डोवीला खुर्चीसकट उचलून नेलं. "सांभाळा रे," डोवी ओरडत होती, "नाहीतर माझा दुसरा बाप्तिस्मा कराल!" ब्रदर बर्ल काठीने तळ चाचपत पाण्यात शिरले. ओसी आपल्या फिक्या सुती झग्यात त्यांच्यामागून उतरली. जुलैतही ते पाणी डोंगराच्या पोटातलं. कंबरेपर्यंत आलं तशी तिच्या दातांवर दात वाजले. एक हात तिच्या पाठीमागे आला, एक नाकावरच्या रुमालावर. आकाश मागे गेलं. हिरवा काळोख, कानांत गरगर. ती ऐकत होती. त्या एवढ्याशा वेळात ती कधी ऐकलं नव्हतं इतकं कान देऊन ऐकत होती. मग पुन्हा ऊन, आणि काठावर सगळे रडतायत, गातायत, आणि होबर्ट बूट न काढताच पाण्यात शिरलाय.

डोवीने तिला खुर्चीजवळ ओढलं, रजई पांघरली, आणि फडक्याने तिचं डोकं खसाखसा पुसायला लागली. दोन हिसके दिले की तिला थांबून श्वास घ्यावा लागत होता.

"मग? काय दिसलं? काय ऐकू आलं?"

"काही नाही. नाकात पाणी गेलं."

डोवी इतकी हसली की होबर्टने घाबरून तिच्या पाठीवर हात ठेवला. ओसीही हसली. छातीतली ओढ होती तिथेच होती, तसूभरही हलली नव्हती. मात्र तिला आता ती कुणाचीतरी वाटत होती, घरातल्या माणसासारखी. लुराचंही तोंड असंच फिरत होतं, एका हिवाळी चुलीपाशी.

वर प्रार्थनाघरात बायका पाय धुवायची तसराळी मांडत होत्या. कुणीतरी हाका मारत आलं की पाणी निवतंय, दोघींची जागा राखलीय. माणसं वळून उतार चढायला लागली. ओसी उठली नाही. तिने बहिणीचा फडक्याचा हात धरून थांबवला.

"डोवी, डोळे कसे होते तिचे? एकदा तरी उघडले असतील ना."

"उघडले होते," डोवी म्हणाली. "सकाळ व्हायच्या सुमाराला. चुलीतल्या जाळाकडे बघत होती."

"रंग कसा होता? माझ्यासारखे करडे, की होबर्टचे?"

डोवीने आठवून पाहिलं. तिला खोटं सांगायचं नव्हतं.

"अजून ठरला नव्हता गं," ती म्हणाली. "नुकत्याच जन्मलेल्यांचे असतात ना, तसे होते. कुणाचेही झाले असते."